ओटीतल्या पाच बिया

माझ्या हातात काजूची बी द्या. मी ती बोटांत फिरवीन, नखाने टोकरीन, कानाशी नेऊन हलवीन आणि गाव सांगेन. दहात सहा वेळा बरोबर येतं. उरलेल्या चार वेळा शेजारचं गाव येतं, आणि शेजारच्या गावाला चूक म्हणण्याइतका मी प्रामाणिक नाही. महाडच्या बाजारात वैशाखात ओळखीचे लोक मला मुद्दाम थांबवून हा खेळ करतात आणि निवृत्त माणसाला शोभणार नाही इतक्या हौसेने मी तो खेळतो. एकदा मात्र एका घरात मी हरलो. त्या हरण्यापर्यंत कसा पोचलो ते लिहायचं ठरवलं आहे. नोकरीत कधी लागलो, बढती कधी मिळाली, यात कुणाला रस नसतो. माझ्या बायकोलाही नव्हता.

मी सरकारी रोपवाटिकेत कलमं बांधायचो. पुढे पर्यवेक्षक झालो तरी चाकू खिशातून गेला नाही. कलम म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. काजूची बी पिशवीत लावायची. दीड-दोन महिन्यांत वीतभर रोप होतं, त्याला आम्ही खुंट म्हणतो. दुसरीकडे चांगलं फळणारं एखादं झाड हेरून ठेवलेलं असतं, तो मातृवृक्ष. त्याच्या शेंड्याकडच्या पेन्सिलीएवढ्या काड्या निवडायच्या, आठ-दहा दिवस आधी त्यांची पानं देठ ठेवून छाटायची, म्हणजे डोळे फुगतात. मग काडी कापून आणायची, बुडाला पाचरीसारखी तासायची, खुंटाच्या मधोमध चीर द्यायची, पाचर त्या चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळायची. वरून बर्फाच्या कांडीला असते तसली लांबोडी पिशवी टोपीसारखी चढवायची. सालीला साल भिडली असेल तर तीन आठवड्यांत लालसर पालवी येते. नसेल भिडली तर काडी काळी पडते आणि आपलं तोंडही.

हे सगळं कशासाठी, तर बी लावून मनासारखं झाड येत नाही म्हणून. पाचाडचे एक खानावळवाले एकदा तावातावाने रोपवाटिकेत आले होते. पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. चिंचोक्याएवढ्या बिया.

"तुमच्या कलमाची येक नंबर बी मी परसात लावली," ते म्हणाले. "सात वरसं पानी घातलं. आन हे आलं. सरकार फसवतं का नाय?"

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "मुलं किती तुम्हाला?"

"तीन."

"तिघंही तुमच्यासारखी?"

"थोरला हाय. मधला मामावर गेलाय. धाकटा कुनावर गेलाय ते देवाला ठाव."

"तसंच हे. बी म्हणजे लेकरू. आई आमचं कलम, बाप कुठल्या झाडाचा परागकण, ते माश्यांना माहीत. म्हणून प्रत्येक बी वेगळी निघते. कलमाचं तसं नाही. कलम म्हणजे तेच झाड, फक्त दुसऱ्या जागी उभं."

"म्हंजे कलम लेकरू नाय?"

"नाही. तीच आई."

ते उठले, रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली आणि जाताना दहा कलमं घेऊन गेले. हा किस्सा मी पुढे कितीतरी बैठकांत सांगितला. ऐकणारे हसायचे. त्यात माझ्याच पुढ्यात येणारं काही दडलं आहे याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

नव्वद सालानंतर फळबाग योजना जोरात आली. डोंगरउतारावरची जी वरकस जमीन, जिथं नाचणी-वरी निघायची आणि पुढे माणसं मुंबईला गेल्यामुळे तीही निघेनाशी झाली, तिथं काजू-आंबा लावायचा. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत मी वाडीवाडी फिरलो. सगळीकडे माझं एकच भाषण असे: जुनी गावठी काजू तोडा, तिची बी बारीक, उतारा कमी, तिच्या जागी वेंगुर्ल्याची कलमं लावा. सरपणही सुटेल, असं वर सांगायचो. लोकांनी ऐकलं. आपलं कुणी ऐकलं की माणसाला किती बरं वाटतं! मलाही वाटायचं.

कापडे गावाच्या वर अर्ध्या तासाच्या चढणीवर एक वाडी आहे. खालचे लोक तिला वरची वाडीच म्हणतात. तिथं धुरपदाबाई राहायच्या. तेव्हा पन्नाशीच्या आत-बाहेर असतील. नवरा गेलेला, मुलगा नाही, एकुलती मुलगीही बाळंतपणात गेली. तिची पोर, मनीषा, आजीपाशी वाढत होती. घर आणि घरामागचं वरकस थोरले दीर महादेव यांच्या नावावर. ते मुंबईत नोकरीला, गणपतीला यायचे. वाडीत त्यांना महादू म्हणत.

मी भाषण केलं. धुरपदाबाईंनी पुरतं ऐकून घेतलं. मग चुलीच्या आरातून भाजलेल्या बिया काढल्या, पायरीवर मांडल्या आणि दगड उचलला. एका बीला एक फटका. टरफल दोन बाजूंना, गर मध्ये अख्खा. अंगठा फिरवला की वरची तांबूस साल निघून यायची. एक, दोन, पाच, दहा. एकही गर तुटला नाही. काजू फोडणारांना विचारा, तुकडा पडणं हेच या धंद्यातलं दुखणं.

मला वाटलं, बाईचा हात बसला आहे. मी दगड मागून घेतला. माझ्या आडदांड फटक्यालाही गर अख्खाच निघाला. तेव्हा कळलं की कसब झाडात आहे.

"काकी, झाड कुठाय?"

झाड घरामागे, बांधाला. फार उंच नाही, फांद्या जमिनीला टेकलेल्या, घोसाला सहा-सात बिया, बी अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठी. भोवतालच्या झाडांचे शेंडे ढेकण्या किडीने करपलेले आणि हे हिरवंगार. पंधरा वर्षांच्या नोकरीत असं गावठी झाड मी पाहिलं नव्हतं. मघाचं भाषण मी गिळून टाकलं.

"कुणी लावलं?"

"मी. लगनात ओटीत आलं." त्यांनी सांगितलं ते असं. त्या बाजूच्या काही घरांत लेक सासरी निघाली की आई तिच्या ओटीत तांदूळ-नारळाबरोबर आपल्या झाडाच्या पाच बिया घालते. बी पाण्यात टाकून बघायची, बुडेल तीच घ्यायची. लेकीने त्या सासरच्या परसात लावायच्या. फळायला लागल्या की भाजून, फोडून बघायचं. जिचा गर एका फटक्यात अख्खा निघेल, ते झाड ठेवायचं. बाकीची चुलीत. "माझ्या पाचांतली तीन जगली. दोन मोडली. ही ठेवली. आयनं तिच्या आयच्यातली अशीच ठेवली व्हती."

मी म्हणालो, "काकी, याच्या काड्या मला द्या. याची कलमं करीन. दोन्ही तालुक्यांत हे झाड उभं राहील."

त्यांनी खालच्या फांदीवरचं एक वाळकं पान खुडलं. मग म्हणाल्या, "न्या की. पन सायब, तुमच्या कलमाला नाव असतं नव्हं? मंग माझ्या आयचं नाव लावा. सखू."

"लावू," मी म्हणालो.

हा शब्द मी इतक्या सहज दिला की आज लिहितानाही लाज वाटते.

काड्या श्रावणात नेल्या. दहांतली आठ कलमं जगली. रोपवाटिकेत मातृवृक्ष नोंदवायचा तर एक तक्ता भरावा लागे. गाव, झाडाचं अंदाजे वय, बीचं वजन, आणि एक रकाना: मालकाचं नाव. सोबत सातबारा. तलाठ्याकडून उतारा आणला, त्यावर नाव महादेव. मी रकान्यात महादेव लिहिलं. साहेबांनी विचारलं, "या वाणाच्या निवडीला काय म्हणायचं?" मी सखू म्हणालो. साहेबांनी उताऱ्यावरून बोट फिरवलं. "यात सखू कोण? कागदाशी जुळणारं नाव द्या." झालं. पाटी रंगवून आली: महादेव निवड.

आमच्या भागात जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचं, ही साधी गोष्ट आहे. फणस एका भावाचा, त्याखालची माती दुसऱ्याची. ज्याने लावलं, जगवलं, त्याचं झाड. कोकणातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. मी महाडच्या बाजारपेठेत वाढलेला, मलाही ते कळत होतं. पण रकाना एकच होता, आणि रकाना दिसला की सरकारी माणसाचं डोकं त्याच्याएवढंच होतं.

कलमं चांगली निघाली. चार-पाच वर्षांत लोक नाव घेऊन मागायला लागले. "महादू काजू हाय का?" शेवटी पोलादपुरात एक शेतकरी मेळावा झाला आणि मातृवृक्षाचे मालक म्हणून महादेवरावांना शाल-श्रीफळ दिलं. ते नुकतेच निवृत्त होऊन गावी आले होते. भाषणात म्हणाले, "माझ्या झाडानं तालुक्याचं नाव काढलं." खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं, कारण आम्हीच तसं लिहून दिलं होतं.

धुरपदाबाई बायकांच्या मागच्या रांगेत बसल्या होत्या. मेळावा सुटल्यावर मंडपाच्या खांबापाशी माझी वाट बघत उभ्या राहिल्या.

"माझ्या आयला महादू म्हनलात, सायब," एवढंच म्हणाल्या.

मी कागद, साहेब, सातबारा असं काहीबाही सांगत राहिलो. त्यांनी मान डोलावली आणि मनीषाचा हात धरून एस्टीच्या दिशेने गेल्या.

शाल मिळाली की माणूस आपल्या झाडाकडे नव्याने बघतो. महादेवरावांनी त्या उन्हाळ्यात झाडाला तारेचं कुंपण घातलं आणि पीक ठेकेदाराला दिलं. धुरपदाबाईंना आत जायची बंदी झाली. त्यांनी गावकी बसवली. वाडीच्या देवळासमोर सगळे जमले आणि मलाही निरोप आला. मला वाटलं, नव्या कलमांबद्दल काही विचारायचं असेल. पोचलो तेव्हा कळलं कशासाठी बोलावलंय.

गावकीतल्या म्हाताऱ्यांचं मत धुरपदाबाईंच्या बाजूचं होतं. एकजण म्हणाला, "जमीन म्हादूची हाय, त्यात बोलनं नाय. झाड वयनीचं. हे आमी बगितलंय."

महादेवराव शांतपणे उठले. प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढला. मी भरलेल्या तक्त्याची नक्कल, खाली माझी सही, वर शिक्का. "पेपर क्लिअर हाय," ते म्हणाले. "झाडाचा मालक कोन, सरकारनं लिवून दिलंय. माझ्या पदरचं काय सांगत नाय. सायब इथंच हायत, इचारा."

कागद हातोहात माझ्याकडे आला. म्हाताऱ्याने विचारलं, "सायब, ह्ये तुमचंच अक्षर ना?"

माझंच अक्षर होतं. त्या क्षणी मी म्हणू शकलो असतो, अक्षर माझं आहे पण लिहिलेलं चूक आहे. ही बाई झाडाची मालकीण आहे, तिने मला स्वतः दाखवलं, मी रकाना चुकीचा भरला. चार वाक्यांचं काम. पण सरकारी कागद चूक आहे असं सरकारी माणसाने चारचौघांत म्हटलं तर पुढे काय होतं, चौकशी, खुलासा, हे सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"हो," मी म्हणालो. आणि गप्प बसलो.

कागदापुढे गावकीचं चाललं नाही, कुंपण तसंच राहिलं. धुरपदाबाई पदर सावरून घराकडे निघाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, तेवढी दया केली. नंतर बरीच वर्षं मी त्या चढणीला लागलो नाही. कापड्यापर्यंत जायचो आणि काहीतरी काम काढून परत फिरायचो.

दोन हजार सालानंतर कधीतरी अनघा मॅडम आल्या. एका संशोधन संस्थेत होत्या, वय तिशीच्या आतलं, पायात जाड बूट, पाठीवर पोतडी. त्यांना काजूची कुळी शोधायची होती. कुठलं झाड कुणापासून झालं, ते पानावरून ओळखता येतं म्हणाल्या. कोवळी पानं तोडायची, ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या पाकिटात ठेवायची, प्रयोगशाळेत नेऊन त्यातला वंशाचा धागा वेगळा करायचा आणि एका झाडाचा दुसऱ्याशी ताडून बघायचा. आई-लेक असतील तर जुळतो. मला वाडीवाटा ठाऊक, म्हणून मला त्यांच्याबरोबर दिलं.

चालता चालता त्या बोलायच्या. काजू मूळची ब्राझीलची, पोर्तुगीजांनी आणली, हे मला माहीत होतं. बदामाची गोष्ट मला नवी होती. रानातला बदाम जहरासारखा कडू. हजारो वर्षांपूर्वी एखाद्या झाडाच्या वंशात काहीतरी बदललं, बी गोड निघाली आणि कुणीतरी नेमकं तेच झाड राखलं. अक्रोडाचं जाड टरफल असंच पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून पातळ झालं. "झाड आपोआप माणसाळत नाही," त्या म्हणाल्या. "कुणीतरी दर पिढीला बसून निवडतं. आम्हाला झाडाच्या वंशात ती निवड दिसते. निवडणारा माणूस मात्र दिसत नाही. त्याचं नाव कुठेच नसतं."

माझ्या टेबलाच्या खणात एक नाव होतं, आणि ते चुकीचं होतं.

पुढच्या वर्षी त्या एक नकाशा घेऊन आल्या. महाड आणि पोलादपूरच्या डोंगराळ वाड्या, त्यांवर ठिपके, ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा. प्रत्येक रेघ आई-झाडापासून लेक-झाडाकडे. त्या गोंधळल्या होत्या. "बी बाजारातून पसरली असेल तर रेघा महाडहून निघायला हव्यात. नदीने, रस्त्याने वर यायला हव्यात. या रेघा भलतीकडेच जातात. दरी ओलांडून समोरच्या डोंगरावर. जिथं रस्ताच नाही तिथं. आणि दर पायरीला बी मोठी, टरफल सोपं. हे कोण करतंय?"

नकाशा पाहिल्यावर मला उत्तर माहीत होतं. तरी मी म्हणालो, "एका बाईंना विचारू या." आणि इतक्या वर्षांनी ती चढण चढलो.

धुरपदाबाई थकल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "या. वाट इसरला नाय म्हनायचं." मनीषाने पाणी दिलं. आम्ही मागच्या पडवीत बसलो. समोर तारेचं कुंपण, आत झाड. मी नकाशा पायरीवर पसरला आणि वाड्यांची नावं एकेक करून वाचली. त्यांना वाचता येत नव्हतं. रेघेवर बोट ठेवून मी सांगायचो, इथून इथे.

"ही माझी आयच की," त्या पहिल्या रेघेला म्हणाल्या. "हिकडनं मी आले. ही म्होरली? त्या वाडीत माझी बहीन दिली, गंगू. ही वरची आत्ये. ही आत्येची लेक, ती तर पार पल्याड दिली." बोट नकाशावर सरकत होतं आणि अनघा मॅडम वहीत भराभर लिहीत होत्या. दरी ओलांडून जाणारी एकही रेघ उरली नाही. ज्या वाटेने मुली दिल्या, त्याच वाटेने झाडं गेली होती.

काही ठिपक्यांच्या जागा मोकळ्या होत्या. रेघ दोन्हीकडून यायची आणि मध्ये झाडच नाही. मॅडमनी विचारलं, "इथं कोण होतं?"

"इथं माझी मावशी, चंद्री. तिचं झाड माझ्यापरीस गोड व्हतं." मग माझ्याकडे बघून, अजिबात आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "सायबांनी सांगितलं म्हून तोडलं. समद्यांनी तोडली."

मला पायरीवर बसणं जड झालं. मी कुंपणाकडे तोंड करून उभा राहिलो. किती झाडं तोडायला सांगितली ते मी कधी मोजलं नाही, आणि आता मोजून उपयोग नव्हता.

मॅडमच्या नोंदीत त्या झाडापुढे निवड करणारी व्यक्ती असा रकाना होता. तो मी माझ्या हाताने भरला. धुरपदाबाई, आणि तिच्या आधी तिची आई सखू. मॅडमनी पुढे विचारलं, "सखूच्या आईचं नाव?" धुरपदाबाई म्हणाल्या, "सासरचं म्हाळसा. म्हायेरचं मला ठाव नाय. बी तर म्हायेरची, नाव सासरचं. आता काय लिवनार तुमी?" मॅडमनी ती ओळ कोरी ठेवली. आमच्या कचेरीतही मी अर्ज केला की मातृवृक्षाची नोंद दुरुस्त करावी. उत्तर आलं की एकदा प्रसृत झालेल्या निवडीचं नाव बदलता येत नाही. तो कागद मी जपून ठेवला आहे. आपल्याच चुकीला दुसऱ्याची सही मिळाली की चूक हलकी होते असं म्हणतात. माझी झाली नाही.

त्याच वर्षी मनीषाचं लग्न ठरलं. पाचाडच्या बाजूचं स्थळ. वैशाखातली तिथी. आमंत्रणाची पत्रिका घेऊन ती स्वतः रोपवाटिकेत आली आणि पत्रिका दिल्यावरही निघेना.

"काका, आजी जेवत नाय," ती शेवटी म्हणाली. "ओटीत बिया नाय घालायला. म्हादू दादाजींना इचारलं, ते बोलले, ठेकेदाराला बोली झालीय, त्याला इचार. ठेकेदार नाय बोलला. मी बोलले आजीला, बाजारातनं आनू पाच बिया, कुनाला कळनार? तर दोन दिस माझ्याशी बोलली नाय. कुंपनाभाईर घरंगळत आलेली येकच बी हाय तिच्याकडं, मागल्या वर्साची. गाडग्यात राखेत ठेवलीय. येक घालून कसं चालंल?"

मी तिला म्हणालो, "तू जा. मी लग्नाच्या आदल्या दिवशी येतो."

रोपवाटिकेच्या मागच्या अंगाला महादेव निवडीची एक रांग होती. पाटीसकट. मी भर उन्हात त्या रांगेत फिरलो आणि बादलीभर पाण्यात बिया टाकून पाहिल्या. बुडालेल्यांतल्या पाच निवडल्या, कागदात बांधल्या. पाचच. हा माझा वेंधळेपणा. कलमवाल्याने तरी लक्षात ठेवायला हवं होतं की ती बाई तपासल्याशिवाय काही घेणार नाही.

आदल्या दिवशी दुपारी वरच्या वाडीत पोचलो. अंगणात मांडव, आत बायकांची गडबड. धुरपदाबाई मागच्या पडवीत चुलीशी बसल्या होत्या. मी पुडी त्यांच्यापुढे सोडली.

"काकी, या तुमच्या झाडाच्या आहेत. महादूच्या नाहीत, ठेकेदाराच्या नाहीत. तुम्ही दिलेल्या काड्यांची झाडं. ते लेकरू नव्हे, तेच झाड. फक्त..." इथं मी अडखळलो, पण या बाईशी पुन्हा अर्धवट बोलायचं नव्हतं. "फक्त तिथं भोवती वेंगुर्ल्याची झाडं आहेत. या बियांचे बाप वेगळे असणार."

"बाप कवा कुनी इचारलाय?" त्या म्हणाल्या. "ओटीत आय जाते."

मग त्यांनी पाचांतली एक बी उचलली आणि आरात सारली. मी 'अहो काकी' म्हणेपर्यंत उशीर झाला होता. बी तडतडली, चीक पेटला, विझला. त्यांनी ती काठीने ओढून राखेत लोळवली, पायरीवर ठेवली आणि दगड उचलला. एक फटका. टरफल दोन बाजूंना. गर अख्खा.

अंगठ्याने साल काढली. गर दोन फाकांत मोकळा केला, एक स्वतःच्या तोंडात टाकली, एक माझ्यापुढे धरली. ती गावकी, तो कागद, माझं गप्प बसणं, काही काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. मला ती फाक घ्यायला हात पुढे करता येईना. त्यांनी धरूनच ठेवली. शेवटी मी घेतली आणि खाल्ली.

"सखूच हाय," त्या म्हणाल्या.

चार उरल्या. त्यांनी चुलीमागचं गाडगं ओढलं, राख चाळवली आणि मागच्या वर्षीची ती एक बी काढली. पदराने पुसली. पाचही बिया तळहातावर घेतल्या, मूठ मिटून जराशा हलवल्या आणि मूठ माझ्यासमोर उघडली.

"तुमी बी बगून गाव सांगता म्हनं. सांगा बघू, यातली कुंपनातल्या झाडाची कंची?"

मी एकेक उचलली. बोटांत फिरवली, नखाने टोकरली, कानाशी नेऊन हलवली. आयुष्यभराचं माझं सगळं कसब पणाला लावलं. वजन तेच, रंग तोच, बाक तोच, देठाकडची खूण तीच. बाहेर मनीषाला हळद लागत होती आणि बायका आजीला हाका मारत होत्या.

"मला नाही ओळखता येत, काकी."

"मलाबी नाय," धुरपदाबाई म्हणाल्या, आणि पाचही बिया तांदळात ठेवून त्यांनी फडक्याची गाठ मारली.